पाटाच्या पाण्यामागून: ओमानमधली दहा दिवसांची पायपीट

मिस्फात अल अब्रियीन (थोडक्यात मिस्फा) या गावात पहिल्या सकाळी आम्ही अर्ध्या तासात दोनदा चुकलो. तिथल्या गल्ल्या एवढ्या अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. खडकावर घर, घराखालून बोगदा, बोगदा संपला की पुन्हा पायऱ्या. फोनमधला नकाशा तर कुणाच्या तरी माजघरातून आरपार जायला सांगत होता. शेवटी खजुराच्या झावळ्या ओढत चाललेल्या एका आजोबांनी आमच्याकडे नीट पाहिलं, पायाशी वाहणाऱ्या हातभर रुंदीच्या पाटाकडे बोट केलं आणि एकच शब्द उच्चारला, "फलज". फलज म्हणजे पाट; पाण्याच्या कडेनं चला, असं त्यांना सांगायचं होतं. पुढचे सगळे दिवस आम्ही तेच करत राहिलो, आणि हा लेखही त्याच वाटेनं जातो.

आपल्याकडे ओमान म्हणजे कुणाचा तरी मामा नोकरीला होता तो देश. फिरायला जाणारे दुबईला जातात. पण मुंबईहून विमान तीन तासांच्या आत मस्कतला उतरतं (पुण्याहून मुंबईचा विमानतळ गाठायला कधीकधी याहून जास्त वेळ लागतो), आणि तिथून दीड-दोन तासांच्या अंतरावर हजर पर्वताच्या कुशीत सह्याद्रीत हिंडलेल्या माणसाला पुरून उरेल एवढं चालणं आहे. डोंगरातली गावं, वाळूचे डोंगर आणि मातीचे किल्ले असलेली जुनी शहरं एकाच आठवड्यात पायाखाली घालायची असतील तर मी डोळे मिटून ओमान सांगेन.

एक गोष्ट आधीच सांगते. गावातून गावात सलग दहा दिवस चालत जाण्याची ही वाट नाही. मधली अंतरं मोठी आहेत, ती गाडीनंच कापायची. गाडीनं पोचायचं, उतरायचं, तीन ते पाच तास पायी हिंडायचं आणि मुक्काम करायचा. माझे गुडघे पन्नाशीचे आहेत, त्यांनी तक्रार केली नाही.

आधी शुक्रवार पकडा

आखणी तारखेवरून करू नका, वारावरून करा. ओमानमध्ये सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते. निझवाचा गुरांचा बाजार शुक्रवारी सकाळी भरतो, सिनावचा गुरुवारी. हे दोन्ही साधायचे असतील तर गुरुवारी सकाळी मस्कतला उतरायचं. आमचा क्रम असा होता:

गुरुवार: मस्कतला उतरून थेट निझवा.
शुक्रवार: निझवाचा बाजार, किल्ला, जुनी वस्ती.
शनिवार: बहला आणि जबरीनचे किल्ले पाहून संध्याकाळपर्यंत मिस्फा.
रविवार: मिस्फा पायी.
सोमवार: जबल शम्सची (जबल म्हणजे डोंगर) कड्यावरची वाट, मुक्काम वरच.
मंगळवार: खाली उतरून जबल अख्दर.
बुधवार: जबल अख्दरची गावं पायी.
गुरुवार: पहाटे खाली, सिनावचा बाजार, संध्याकाळी वाळवंट.
शुक्रवार: सकाळी वाळूत चालणं, दुपारनंतर मस्कत.
शनिवार: मत्रा (मस्कतचा जुना बाजार) आणि परतीचं विमान.

यात समुद्रकिनारा नाही, सूर हे बंदराचं गाव नाही, वादी शाबची घळ नाही, कासवं नाहीत. मुद्दामच नाहीत. "एवढ्या लांब गेलोय तर तेही करू" म्हणणाऱ्यांचे पाय गाडीच्या पेडलवरच राहतात.

कधी जायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एरवी खालच्या भागात चालणं म्हणजे तव्यावर चालणं. डिसेंबर-जानेवारीत निझवात दिवसा मस्त कोवळं ऊन असतं, पण जबल शम्स आणि जबल अख्दरवर रात्री पारा शून्याच्या आसपास येतो. "आखातात कसली थंडी" म्हणून स्वेटर न घेतलेला एक जण प्रत्येक गटात असतोच. दिवस लहान असतो, साडेपाच-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून चालणं उजाडताच सुरू करा.

जबल अख्दरचे गुलाब बघायचे असतील तर मात्र मार्चअखेर ते एप्रिल. तेव्हा वर दोन हजार मीटरवर हवा सुंदर असते, पण वाळवंट तापायला लागलेलं असतं. दोन्ही एकदम मिळत नाही. रमजानही बघून घ्या: २०२६ आणि २०२७ मध्ये तो फेब्रुवारीत सुरू होतो. त्या महिन्यात दिवसा खानावळी बंद, आणि चारचौघांत पाणी पिणंही बरं दिसत नाही. चालणाऱ्याला ते कसं जमणार?

व्हिसा, परवाना, गाडी

व्हिसा ऑनलाइन निघतो, रॉयल ओमान पोलिसांच्या संकेतस्थळावर. दहा दिवसांचा ५ रियालला आणि तीस दिवसांचा २० रियालला असा साधारण हिशोब आहे. अमेरिका, ब्रिटन, शेंगेन वगैरेंचा चालू व्हिसा जवळ असेल तर भारतीयांना चौदा दिवस व्हिसाशिवायही प्रवेश मिळतो. नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी तिथेच तपासा. एक खाच लक्षात ठेवा: परतीची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. दहा दिवसांचा व्हिसा असेल आणि विमान रात्री दीडचं असेल, तर तुमचा अकरावा दिवस लागलेला असतो. मग दंड. म्हणून परतीचं विमान संध्याकाळचं घ्या, नाहीतर सरळ तीस दिवसांचा व्हिसा काढा.

रियालचे हजार भाग असतात, त्यांना बैसा म्हणतात. आपला पैसाच तो. १९७० पर्यंत तिथल्या बऱ्याच भागात भारतात छापलेला आखाती रुपया चालत असे. आता एक रियाल सव्वादोनशे रुपयांच्या आसपास किंवा थोडा वर असतो, त्यामुळे "फक्त तीन रियाल" ऐकून लगेच खिशात हात घालू नका.

मस्कतहून निझवापर्यंत बस आहे. पुढे डोंगरात मात्र गाडीशिवाय गत्यंतर नाही. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय चालक परवाना काढून घ्या. तो वर्षभर चालतो. गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात. पहिला दिवस गोल चौकांत जीव मुठीत धरून जातो, दुसऱ्या दिवसापासून सवय होते. आता खरा प्रश्न: फोर व्हील ड्राइव्ह घ्यायची का? घ्यायची. जबल अख्दरच्या पायथ्याशी बिरकत अल मौझजवळ पोलीस चौकी आहे, तिथून साधी गाडी वर सोडत नाहीत, कितीही गयावया करा. जबल शम्सच्या रस्त्याचाही वरचा तुकडा आम्ही गेलो तेव्हा कच्चा होता. पैसे वाचवायचे असतील तर साधी गाडी घेऊन डोंगर आणि वाळवंट यांच्यापुरती स्थानिक गाडी-चालक ठरवता येतो. मुक्कामाच्या ठिकाणी सांगितलं की ते जुळवून देतात.

फलज म्हणजे काय

हे निघण्याआधी समजून घेतलं तर चालताना डोळे उघडतात. डोंगराच्या पायथ्याशी खोल विहीर खणायची, तिथलं भूजल जमिनीखालच्या बोगद्यातून, अगदी बेताच्या उतारानं, पंप न लावता मैलोगणती दूर गावात आणायचं. ही झाली दाऊदी फलज. झऱ्याचं पाणी आणणारी ती ऐनी, आणि वादीतलं, म्हणजे ओढ्यातलं, वाहतं पाणी वळवणारी ती घैली. संभाजीनगरची नहर-ए-अंबरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही मंडळी अनोळखी वाटणार नाहीत. मलिक अंबरनं सतराव्या शतकाच्या सुरुवातीला खडकी गावाला पाणी आणलं ते याच कुळातल्या युक्तीनं.

पाणी उघड्यावर येतं ती पहिली जागा फक्त पिण्याच्या पाण्याची. त्याखाली मशिदीचं वजूचं (नमाजाआधी हातपाय धुण्याचं) आणि अंघोळीचं पाणी, त्याखाली धुणं, मग बागा. बागांतही आधी खजूर, कारण तो वर्षानुवर्षांचा. हंगामी पिकांना उरलेलं. प्रत्येकाची पाळी वेळेवर ठरलेली. अर्ध्या तासाच्या वाट्याला अथर म्हणतात. दिवसा सावलीच्या काठीवरून वेळ मोजायचे आणि रात्री ताऱ्यांवरून. धुळ्याकडची फड पद्धत आणि तिच्यातली पाणीवाटपाची शिस्त ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिथल्या शेतकऱ्याची नजर लगेच ओळखू येईल: बोलता बोलता तो मध्येच उठतो, पाटातली चिंधी गुंडाळलेली दगडाची फळी काढून दुसऱ्या तोंडाशी लावतो, पाणी वळतं, आणि तो पुन्हा येऊन बसतो.

२००६ साली ओमानच्या पाच फलजांना युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं. त्यातली दारिस निझवात आहे आणि खतमीन बिरकत अल मौझला, म्हणजे दोन्ही आपल्या वाटेवर.

चालणाऱ्यानं पाळायचे नियम दोनच. वरच्या तोंडाशी पाय बुडवायचे नाहीत. आणि पाटाच्या काठावरून चालताना बागेतल्या माणसाला "सलाम अलैकुम" म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. वाट सार्वजनिक असली तरी दोन्ही बाजूंची झाडं त्याची आहेत.

निझवा: बाजाराला साडेसहाला

बाजाराला साडेसहापर्यंत पोचा, नऊनंतर तिथे फक्त लेंड्या उरतात. मधे छपराखाली गोल ओटा, त्याभोवती फिरायला गोल वाट, वाटेबाहेर पुन्हा माणसांचं कडं. विकणारे शेळ्या-बोकडांना दोरीला धरून या वाटेवरून गोल गोल फिरवतात आणि भाव ओरडत राहतात. घेणारा हात वर करतो, फेरी थांबते. ओठ उचलून दात बघणं, पाठीवरून हात फिरवून मांस चाचपणं, कास दाबून पाहणं, सगळं आपल्या आठवडी बाजारासारखंच. फरक एवढाच की आपल्याकडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो आणि इथे सगळा गावासमोर. बुरखा घातलेल्या बायका सौद्यात सगळ्यात चिवट. फोटो काढा, पण त्यांचे नाही. आणि फेरीच्या वाटेत उभं राहू नका. मी राहिले होते, एका बोकडानं ते ध्यानात आणून दिलं.

तिथून किल्ला दोन मिनिटांवर. सुलतान बिन सैफ या याअरुबी घराण्यातल्या इमामानं, म्हणजे तेव्हाच्या राज्यकर्त्यानं, १६५० च्या दशकात तो अवाढव्य गोल बुरूज उभारला. बारा वर्षं लागली म्हणतात. याच इमामानं १६५० मध्ये पोर्तुगीजांना मस्कतमधून हुसकलं. आपण वसई घेतली १७३९ मध्ये, तेव्हा या बाबतीत ओमानी आपल्याला जवळपास नव्वद वर्षं ज्येष्ठ. बुरुजाच्या आतला जिना वळणावळणाचा आहे, प्रत्येक वळणाला दार, दारावर छतात भोक. त्या भोकांतून उकळता खजुराचा पाक ओतत. तो पाक यायचा कुठून? खालच्या कोठारात जा. जमिनीवर समांतर पन्हळी दिसतील. खजुराची पोती एकावर एक रचायची, वजनानं पाक सुटायचा आणि पन्हळीतून रांजणात जमायचा.

शुक्रवारी दुपारी सगळं बंद होतं. आम्ही बाराला जेवण शोधायला निघालो आणि तीनपर्यंत बिस्किटांवर काढले. तुम्ही अकराला खाऊन घ्या. चारनंतर किल्ल्यामागच्या अक्र वस्तीत शिरा. मातीच्या पडक्या घरांमधून गल्ल्या, काही घरं आता डागडुजी करून राहण्याजोगी केली आहेत, आणि वस्तीच्या तटावरून चालता येतं. उन्हं उतरताना तिथून खजुराचं रान दिसतं, पलीकडे काळपट डोंगर. ते डोंगर म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा समुद्रतळ वर उचलला गेलेला. अभ्यासक जगभरातून ते बघायला येतात.

शनिवारी वाटेत बहला आणि जबरीन. बहलाचा मातीचा किल्ला १९८७ पासून जागतिक वारशात आहे आणि गावाभोवतीचा तट सुमारे बारा किलोमीटरचा, पण आत माहितीच्या पाट्या फारशा नाहीत; तास पुरे. जबरीनला मात्र वेळ द्या. रंगवलेली लाकडी छतं मान दुखेपर्यंत बघत बसाल.

मिस्फा

हजारेक मीटरवरचं हे गाव कातळावर चिकटल्यासारखं आहे. गाडी वर ठेवायची, सामान पाठीवर घेऊन जुन्या घरातल्या मुक्कामी जायचं. म्हणून चाकांची बॅग आणू नका, पायऱ्यांवर तिचा आवाज अख्खं गाव ऐकतं. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, ही अपेक्षा पाटी लावून सांगितलेली आहे.

पाटाच्या कडेनं निघा. डावीकडे खजूर, केळी, पपई, लिंबं, पायऱ्यापायऱ्यांची शेतं, उजवीकडे कातळ. साधारण तासभर वाट सावलीतून जाते, काठ एका वेळी एकच पाऊल मावेल एवढा. पुढे बागा संपतात आणि उघडा डोंगर सुरू होतो. इथून दगडांवर लाल-पांढऱ्या-पिवळ्या रंगाचे पट्टे दिसू लागतात. ओमानच्या सगळ्या आखलेल्या वाटांवर हीच खूण असते. शंभर पावलं गेलात आणि पट्टा दिसला नाही, तर परत फिरा आणि शेवटच्या पट्ट्यापासून पुन्हा शोधा. वर किती जायचं ते तब्येतीवर. आम्ही दोन तास चढलो आणि आलो तसे परतलो.

सकाळी न्याहारीला रखाल मिळेल. पातळ पापुद्र्याची भाकरी, तव्यावर हातानं पीठ फिरवून केलेली. मांडे आणि पेपर डोसा यांच्यामधलं काहीतरी. मधाबरोबर खा. शाकाहारी असाल तर रात्रीच्या जेवणाबद्दल आदल्या दिवशीच सांगा. नाहीतर भातात मांस ठरलेलं. खालच्या गावांत काळजी नाही, प्रत्येक नाक्यावर केरळी माणसाचं कॉफी शॉप असतं. डाळ, परोटा, ऑम्लेट, करक चहा आणि हिंदी, सगळं मिळतं.

जबल शम्सची कड्यावरची वाट

सहलीतलं सगळ्यात भव्य चालणं हे, आणि सोपंही. जबल शम्स ३००९ मीटरचा. त्या शिखरावर लष्कर आहे, पण आपल्याला तिथे जायचंच नाही. गाडी खतीम नावाच्या वाडीपर्यंत जाते, उंची सुमारे १९०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्याही वर. तिथून कड्याच्या पोटातून एक वाट निघते, जाऊन-येऊन आठ किलोमीटरच्या आसपास, तीन ते चार तास. चढउतार बेताचा. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हजारेक मीटर खोल घळ. कोकणकड्यावर आपण पोटावर झोपून खाली डोकावतो, इथे त्या कड्याच्या मध्यावरून तासभर चालायचं. वाट बैलगाडीएवढी रुंद नाही, पण भीतिदायकही नाही. ज्याला उंचीची भोवळ येते त्यानं मात्र पहिल्या वळणावर थांबून स्वतःला विचारावं.

वाट संपते साब बनी खमीस या सोडून दिलेल्या गावाशी. कातळाच्या छपराखाली दगडी घरं, पुढ्यात पायऱ्यापायऱ्यांची शेतं, आणि कड्यातून झिरपणारं पाणी. त्या पाण्यावरच इथे माणसं राहत होती. एका घराच्या कोनाड्यात धुराची काजळी अजून आहे.

सातपर्यंत निघा म्हणजे जाताना सावली मिळेल. प्रत्येकी तीन लिटर पाणी. आणि शेळ्या! वाटेच्या सुरुवातीला त्या इतक्या भाबड्या चेहऱ्यानं जवळ येतात की कौतुक वाटतं. मी सॅक दगडावर ठेवून फोटो काढायला वळले, तेवढ्यात एकीनं चेन उघडी असलेल्या खणातून दशम्यांची पुरचुंडी फडक्यासकट ओढली. पुण्याहून नेलेल्या गुळाच्या दशम्या. फडकंसुद्धा परत मिळालं नाही.

जबल अख्दर

मंगळवारी खाली येऊन निझवावरून बिरकत अल मौझ, चौकीवर कागद दाखवून वर. सैक पठार दोन हजार मीटरच्या आसपास. १९५० च्या दशकात इथे इमाम आणि सुलतान यांच्यात लढाई झाली. ब्रिटिश विमानांनी बाँब टाकलेल्या तनूफ गावाचे अवशेष निझवाजवळ रस्त्यालगतच दिसतात, वाटेत दहा मिनिटं थांबता येईल.

बुधवारी अक्र (निझवातली वस्ती वेगळी, हे गाव वेगळं), ऐन आणि शिराइजा ही तीन गावं पायी जोडायची. गावं घळीच्या काठावर ओळीनं टांगलेली आहेत आणि त्यांच्याखाली शेतांच्या पायऱ्या अशा उतरत जातात की मोजताना हिशोब चुकतो. अंतर तीन-चार किलोमीटर, पण तीन तास धरा, कारण चढ-उतार पायऱ्यांचा आणि थांबण्याजोग्या जागा पावलोपावली. ऐनपर्यंत पाट सोबत असतो. पुढे एक उतार आणि शिराइजाचा दमवणारा चढ. गाडी एका टोकाला राहते, तेव्हा परतीची सोय आधीच करा.

डिसेंबरात झाडं उघडी असतात हे खरं सांगितलं पाहिजे. डाळिंब, अक्रोड, जर्दाळू, सगळ्यांच्या नुसत्या काड्या. छायाचित्रांत दिसणारं हिरवं-गुलाबी जबल अख्दर वसंतातलं. गुलाबजल मात्र बारा महिने मिळतं. जुन्या पद्धतीचं असेल तर त्याला धुराचा वास येतो, कारण मातीच्या भट्टीवर पाकळ्या तासन् तास शिजवलेल्या असतात. तोच खरा; नाक मुरडू नका. संध्याकाळी वेळ उरला तर वादी बनी हबीबला पायऱ्या उतरून जा, अर्धा-पाऊण तास पुरतो.

वादीचा नियम

मधेच थांबून हे सांगायलाच हवं. वादी म्हणजे कोरडा ओढा, आणि तो कोरडाच राहील असं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वीस किलोमीटर वर पाऊस पडलेला असतो आणि पाण्याची भिंत येते. एप्रिल २०२४ मध्ये अशा पुरांत शाळकरी मुलांसह अनेकांचे जीव गेले. पावसाचा इशारा असेल तर वादीत उतरू नका, आणि रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. बाकीचे घालतात म्हणून तर मुळीच नाही. आपत्कालीन क्रमांक ९९९९.

सिनाव आणि वाळू

गुरुवारी पहाटे सहाला डोंगर सोडला तर आठच्या सुमारास सिनाव. हा बाजार निझवापेक्षा रांगडा, पर्यटक कमी, बद्दू (वाळवंटातले भटके पशुपालक) जास्त, आणि शेळ्यांबरोबर उंट. पिकअपमध्ये उंट चढवणं हा प्रकार एकदा बघावाच: चार जण मागून ढकलतात, एक जण पुढून शिव्या देतो, आणि उंट सगळ्यांकडे तुच्छतेनं बघतो.

तिथून बिदिया, वाळवंटाच्या तोंडाशी असलेलं गाव. शरकिया वाळवंट, जुनं नाव वहिबा, उत्तर-दक्षिण सुमारे १८० किलोमीटर पसरलं आहे आणि टेकड्या शंभर मीटरपर्यंत उंच. मुक्कामाच्या छावण्या आत असतात. स्वतः गाडी न्यायची तर बिदियात टायरची हवा कमी करून घ्या, पंधरा-अठरा पीएसआयपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच वाळूत गाडी घालत असाल तर छावणीवाल्यांनाच न्यायला बोलवा.

वाळूत चालण्याची रीत वेगळी आहे. टेकड्यांच्या रांगा उत्तर-दक्षिण, मधे रुंद पट्टे. पट्ट्यातली जमीन बरीच घट्ट असते, तिथून वेगानं चाला. टेकडी ओलांडायची तर वाऱ्याच्या बाजूनं, तिरकं; तिथे वाळू दाबलेली असते. आडोशाच्या बाजूनं सरळ चढलात तर दोन पावलं वर, दीड खाली. माथ्यावर पोचलात की धारेवरून चाला. सहा किलोमीटरना तीन तास धरा. सकाळी सहाला निघा, नऊपर्यंत परत. दुपारी वारा सुटतो आणि सकाळच्या पावलांचा मागमूस राहत नाही, म्हणून आपल्या ठशांवरून परत येऊ हा हिशोब करू नका. छावणी कोणत्या पट्ट्यात आहे आणि आपण किती रांगा ओलांडल्या ते मोजत जा. दुसऱ्या रांगेपलीकडे वाटाड्याशिवाय जाऊ नये असं माझं मत आहे. सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात.

पट्ट्यांमध्ये अधूनमधून एकेकटं झाड दिसेल, बारीक पानांचं, खाली सावलीचा ठिपका. तिथे त्याला घाफ म्हणतात. जवळ जाऊन पान हातात घेतलं आणि ओळख पटली: ही आपली शमी. पांडवांनी शस्त्रं ठेवली ती. मुळं खोल पाण्यापर्यंत जातात, म्हणून वरून थेंब न पडताही हिरवी. बद्दूंच्या शेळ्या तिच्यावर जगतात. शेकोटीसाठी तिची फांदी तोडणं तिथे कुणालाच आवडत नाही.

पाठीवर काय

बूट चांगल्या पकडीचे, कारण वरचा चुनखडीचा दगड धारदार आहे. सह्याद्रीच्या काळ्या दगडावर चालणारे स्वस्तातले बूट इथे चार दिवसांत फाटतात. लांब बाह्यांचे कपडे, टोपी, थंडीचं जाकीट, कपाळाला लावायचा दिवा, ओआरएसची पाकिटं. नकाशे फोनवर आधीच उतरवून ठेवा, घळींमध्ये रेंज नसते. शिट्टी जवळ असू द्या. बायकांना एक सुती ओढणी दहा कामांना येते.

मस्कत, शेवटच्या सकाळी

शनिवारी विमानाआधी रियाम ते मत्रा ही डोंगरवाट करा. अडीच किलोमीटर, दीड ते दोन तास. शहराच्या ऐन मध्यातून चढता, समुद्र दिसतो, एक ओसाड वस्ती लागते, जुना बांध लागतो, आणि उतरता ते थेट मत्राच्या बाजारामागच्या गल्लीत, लोकांच्या वाळत घातलेल्या कपड्यांमधून. खरेदी तिथेच. लोबान घ्यायचा तर फिकट, हिरवट झाक असलेला. ओमानी हलवा घ्या. आपल्याकडे मस्कती हलवा म्हणून मिळतो त्याचा हा थोरला भाऊ, केशर-वेलचीचा, चमच्यानं खायचा. घेतलात की डबा विमानात द्यायच्या मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या पिशवीत ठेवलात तर तपासणीवाला त्याला द्रवपदार्थात धरू शकतो, आणि मग तिथेच उभ्यानं अर्धा किलो संपवायची वेळ येते. आम्ही चौघं होतो म्हणून जमलं.